पंधरवड्याचा पेशंट

आमच्या वेस्ट मांबलमच्या बिल्डिंगमध्ये मला सगळे पुणेमामी म्हणतात. मी सांगलीची. एकवीस वर्षांपूर्वी नवऱ्याच्या बदलीमुळे इथे आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी सगळ्यांना समजावून सांगितलं होतं की सांगली वेगळी आणि पुणं वेगळं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवसापासून पुणेमामी म्हणायला लागले. अशा लोकांपुढे हट्ट करण्यात अर्थ नसतो, म्हणून मीही ओ द्यायला लागले. ही गोष्ट मात्र माझी नाही, वरच्या मजल्यावरच्या दिव्यश्रीची आहे. पण तिला जी नोकरी लागली तीत माझ्या साबुदाण्याच्या खिचडीचा वाटा आहे, आणि तो मी कुणाला सोडणार नाही.

दिव्यश्रीचे वडील राजगोपाल एका विमा कंपनीत क्लार्क आहेत, आई विद्यालक्ष्मी शाळेत गणित शिकवते. तंजावरकडची मराठी माणसं. घरात मराठी बोलतात, पण ती ऐकताना मला सुरुवातीला वाटायचं की जुन्या पोथीला कुणीतरी तमिळ चाल लावलीय. आता सवय झालीय. उलट सांगलीला गेले की माझ्याच तोंडून 'बरं, बरं'च्या जागी 'सरी, सरी' निघतं आणि वहिनी हसतात.

तर खिचडी. इथली माझी पहिली आषाढी. नव्या शेजाऱ्यांशी ओळख वाढवावी म्हणून मी डबा भरून वर गेले. विद्यालक्ष्मीने दार उघडलं, डब्यात पाहिलं आणि हळूच विचारलं, "मामी, आज एकादशी नव्हे का?" मी म्हटलं, "म्हणून तर आणली." तिच्या चेहऱ्यावरून कळलं की माझं काहीतरी चुकलंय. त्या घरात एकादशीला चूल पेटत नाही. फळ नाही, दूध नाही, पाण्याचा घोट नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला की पारणं. आमच्याकडे 'एकादशी अन् दुप्पट खाशी', आणि मी ती म्हण शब्दशः पाळणारी. मुलांना मात्र त्या घरात उपासाची सक्ती नव्हती. म्हणून दिव्यश्री चालायला लागल्यापासून दर एकादशीला सकाळी खाली यायची, माझ्या स्वयंपाकघरात बसायची आणि पोटभर खिचडी खाऊन जायची. बावीस वर्षांची झाली तरी यात खंड पडलेला नाही.

या मुलीने चार वर्षांचा फिजिशियन असिस्टंटचा कोर्स केला. म्हणजे डॉक्टर नाही आणि नर्सही नाही. पेशंटची सगळी हकिगत विचारून लिहायची, तपासायचं, डॉक्टरांबरोबर राउंड घ्यायचा, ऑपरेशनला मदतीला उभं राहायचं, घरी गेलेल्या पेशंटवर लक्ष ठेवायचं. नातेवाइकांना हे काही केल्या समजायचं नाही. पीए म्हटलं की ते विचारायचे, कुठल्या साहेबांची? राजगोपालच्या ऑफिसातल्या एकाने तर तिला टायपिंगची परीक्षा दे म्हणून सुचवलं होतं. ती चिडायची नाही. मी चिडायचे.

पण खरी अडचण वेगळीच होती. चेन्नईत आज ज्याला त्याला हाच कोर्स करायचाय. इकडे कॉलेजं, तिकडे कॉलेजं, आणि दर वर्षी प्रत्येकातून पांढरे कोट घालून साठ-साठ मुलं बाहेर पडतात. हॉस्पिटलं मात्र तेवढीच. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांना दोन वर्षांचा अनुभव हवा, आणि तो अनुभव द्यायला कुणी तयार नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. या मुलीने पायही धरले असते, पण धरायला गाढवही सापडेना. ऑगस्टपर्यंत तिचे एकोणीस अर्ज झाले होते. त्यातल्या चार ठिकाणांहून बोलावणं आलं आणि चारही ठिकाणी 'कळवतो' म्हणाले.

शेवटी राजगोपालने कुणाच्या तरी ओळखीने अंबत्तूरच्या एका कंपनीत तिची सोय लावली. मेडिकल कोडिंग. परदेशातल्या पेशंटांचे कागद कॉम्प्युटरवर वाचायचे आणि प्रत्येक आजाराला त्याचा नंबर द्यायचा. लेटर आलं. सोमवारी रुजू व्हायचं आणि शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा.

"एकोणीस झाले, दिव्या," राजगोपाल तिला म्हणाले. मी तेव्हा वरच होते, विरजण मागायला गेले होते. "अत्तां पुरे. हातांत लेटर अहे. कामही आजारांचंच अहे की."

"त्यांत पेशंट नाही, अप्पा," ती म्हणाली. "नुसते नंबर अहेत. एकदां तिकडे गेलें म्हणजे परत वॉर्डांत कोणी घेणार नाही."

हे अगदी खरं होतं. तिच्या वर्गातल्या तिघी गेल्या वर्षी कोडिंगला गेल्या होत्या आणि आता हॉस्पिटलवाले त्यांचे अर्ज उघडूनही बघत नव्हते. मी विरजण न घेताच खाली आले, कारण राजगोपाल वाईट माणूस नाहीत आणि मुलगीही चुकीची नव्हती.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, अण्णा नगरच्या एका साठ खाटांच्या हॉस्पिटलातून फोन आला. विसावा अर्ज. एक जागा, पाच उमेदवार, गुरुवारी सकाळी नऊला या. दिव्यश्री तीन तीन पायऱ्या एकदम उतरत खाली आली. मी तिला म्हटलं, पोरी, पाय मोडशील आणि पेशंट होऊन जाशील.

आता पुढचं मी तिच्याकडून ऐकलेलं आहे. पण तिने ते माझ्या स्वयंपाकघरात इतकं हातवारे करून सांगितलं, आणि नंतर मी स्वतः जाऊन दुसऱ्या बाजूचीही खात्री करून घेतली, की मी तिथे हजर होते असं समजायला हरकत नाही.

हॉस्पिटलच्या मुख्य फिजिशियन डॉक्टर अलमेलू. साठीच्या, बारीक, करड्या केसांचा घट्ट अंबाडा, आणि बोलणं असं की समोरचा उगाचच उभा राहतो. त्यांनी कुणाची सर्टिफिकेटं बघितली नाहीत. पाचांना पाच पेशंट वाटून दिले आणि म्हणाल्या, "एक तास. पेशंटशी बोला, फाइल बघा आणि एका कागदावर लिहून द्या की याला काय झालंय आणि आपण काय करावं."

दिव्यश्रीच्या वाट्याला आले बालाजीराव. वय एकाहत्तर, निवृत्त हेडमास्तर. रक्तातली साखर एकदम घसरून चक्कर येते म्हणून दीड महिन्यात तिसऱ्यांदा दाखल. सलाइनमधून ग्लुकोज दिलं की दुसऱ्या दिवशी खडखडीत. घरी गेले की काही दिवसांनी पुन्हा तेच. स्वादुपिंडात एखादी गाठ वगैरे असेल म्हणून त्या दुपारी मोठा स्कॅन ठरला होता. शेजारच्या खाटेवरचा पेशंट कार्तिक नावाच्या उमेदवाराला मिळाला होता. कार्तिकला दोन वर्षांचा अनुभव होता आणि तो पाच मिनिटांत लिहायलाही लागला होता.

दिव्यश्रीने बालाजीरावांच्या कपाळाकडे पाहिलं. अंगाऱ्याची काळी रेघ अर्धवट पुसली गेली होती, पण होती. नाव बालाजीराव, आणि कपाळावर तिच्या अप्पांसारखीच अंगाऱ्याची रेघ. तिने मराठीतच विचारलं, "मामा, घरीं मराठीच ना बोलतां?"

म्हातारा उठून बसला. खाटेपाशी त्यांची बायको सरोजा होती, तीही स्टूल पुढे ओढून आली. मग काय विचारता. कोणाची लेक, गाव कुठलं, गोत्र काय, आजोबा कुठे होते, आईचं माहेर कुठलं. तासातली बारा मिनिटं गोत्रात गेली. दिव्यश्री म्हणते की तिला घड्याळाचा काटा दिसत होता, पण मोठी माणसं विचारतात तर उत्तर द्यायला नको का.

मग तिने सगळे प्रश्न विचारले. वेळेवर जेवता? वेळेवर. गोळी चुकते? कधीच नाही. कधी जास्त घेता? छे. जूनच्या अखेरीस एक नवी गोळी सुरू झालीय, रोज सकाळी सहाला, नाश्त्याआधी. नाश्ता करता? "सरोजा सात म्हणजे सातला इडली पुढे ठेवते," बालाजीराव म्हणाले. हीच उत्तरं फाइलमध्ये तीन वेळा, तीन वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेली होती. पस्तीस मिनिटं उरली होती आणि कागद कोरा होता.

तिने दाखल झाल्याच्या तारखा बघितल्या. सहा जुलै. पाच ऑगस्ट. एकोणीस ऑगस्ट, म्हणजे परवाच.

आणि तिथे, मंडळी, माझी खिचडी आली. कारण एकोणीस ऑगस्टला सकाळी दिव्यश्री माझ्या ओट्यापाशी उभी राहून खिचडी खात होती आणि दाणे जास्त झालेत म्हणत होती. पाच ऑगस्टला ती चौथ्या इंटरव्ह्यूला माझ्याकडूनच खिचडी खाऊन गेली होती. सहा जुलै म्हणजे तर आषाढी, त्या दिवशी मी रताळ्याचा शिराही केला होता. तिन्ही एकादश्या. तिच्या पोटाला त्या तारखा पाठ होत्या.

मधली एकवीस जुलै राहत होती. तिने सरोजामामींना विचारलं, "एकवीस तारखेच्या एकादशीला काय झालं होतं? त्या दिवशीं मामांना बरं होतं?"

मामींनी आठवून सांगितलं, "बरं होतं की. त्या दिवशीं गोळी संपून होती. दुकानदार दुसऱ्या दिवशीं आणून देतो म्हणून सांगट्लान."

"आणि एकादशीला मामा गोळी घेतात?"

"घेतात की," सरोजामामी म्हणाल्या. "पाण्याविणें. कोरडीच गिळतात. औषध म्हणजे अन्न नव्हे, त्याला दोष नाही."

दिव्यश्री सांगते की तिच्या अंगावर काटा आला. मला ऐकतानाही आला. दिवसभर पोटात पाण्याचा थेंब नाही, आणि सकाळी सहाला साखर उतरवणारी गोळी, अगदी नेमाने. संध्याकाळपर्यंत माणूस आडवा होणार नाही तर काय. आणि हे लपवावं असं त्यांच्या मनातही नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, वेळेवर जेवता का, तर जेवतातच. एकादशी ही काही न जेवण्याची गोष्ट नाही, ती एकादशी आहे. पन्नास वर्षं ज्या घरात ती पाळली जाते तिथे ती कुणाला सांगायची असते, हेच कुणाला सुचत नाही.

पण आता बालाजीरावांच्या लक्षात आलं. ते दिव्यश्रीचा हात धरून म्हणाले, "हें लिहूं नाक्का, बाळे. डॉक्टर एकादशी सोडा म्हणतील. सोळाव्या वर्षापासून एक चुकली नाही. तूं आमच्यातली म्हणून सांगट्लं." आणि मग अगदी खालच्या आवाजात त्यांनी विचारलं की हे तिन्ही वेळा शिरेतून जे ग्लुकोज चढवलं, त्याने उपास मोडला असं धरतात का. ही काळजी ते दीड महिना मनात घेऊन बसले होते.

वीस मिनिटं उरली होती. नोकरी त्या एका वाक्यात होती आणि ते वाक्य लिहू नकोस म्हणून एक म्हातारा हात धरून बसला होता. मला विचाराल तर मी सरळ लिहून मोकळी झाले असते. दिव्यश्रीने तसं केलं नाही. ती म्हणाली, "मामा, मी लिहिणार. नाहीं लिहिलं तर पुढच्या एकादशीला तुम्ही उठणार नाही. पण उपासानें तुम्ही पडत नाही, गोळीनें पडतां. आमचे अप्पाही एकादशी करतात, त्यांनाही शुगर अहे. अम्मानें डॉक्टरांना विचारून घेतलंय. त्या दिवशीं गोळी नाहीं. मी दोन्ही लिहितें. एकादशी सोडणार नाहीत म्हणूनही लिहितें."

बालाजीरावांनी तिचा हात सोडला नाही. सरोजामामी मात्र म्हणाल्या, "लिही गे. हे पडले तर पारणं मी कोणाला वाढूं?"

तिने लिहिलं. कागदावर जेमतेम सात ओळी झाल्या. कार्तिकने दोन्ही बाजू भरल्या होत्या.

डॉक्टर अलमेलूंनी पाच कागद वाचले. दिव्यश्रीचा वाचला, मग फाइल मागवली, मोबाइलवर पंचांग उघडलं आणि तारखा लावून बघितल्या. "माझी आजी एकादशीला थुंकीसुद्धा गिळायची नाही," त्या म्हणाल्या. "आणि मी या माणसाला तीन वेळा विचारलं, जेवलात का." त्यांना राग आला होता, पण तो दिव्यश्रीवर नव्हता. त्यांनी स्कॅन तूर्त थांबवायला सांगितलं.

बाकीच्यांना घरी जायला सांगितलं तेव्हा दिव्यश्रीला वाटलं, जिंकले. पण बाई सोप्या नव्हत्या. "हे कागदावरचं उत्तर झालं," त्या म्हणाल्या. "मला पेशंट घरी राहिलेला हवा. पुढची एकादशी तीन सप्टेंबरला. तोपर्यंत ट्रायलवर ये. हे तुझे पेशंट. चार तारखेला सकाळी हे माझ्या वॉर्डात नसतील, तर आपण बोलू."

मग गोळीचं ठरलं. एकादशीला सकाळची गोळी नाही, दिवसातून चार वेळा घरीच बोट टोचून साखर बघायची, ठरवलेल्या आकड्याच्या खाली गेली की ताबडतोब साखर तोंडात टाकायची, मग एकादशी असो वा आणखी काही. आणि पाणी प्यायचं. पाण्यावर बालाजीराव अडले. तुळशीचं पान घातलेलं तीन पळ्या तीर्थ घेईन म्हणाले. डॉक्टर म्हणाल्या, तीन ग्लास. शेवटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक तांब्या तुळशीचं पाणी, यावर तडजोड झाली. साखरेच्या अटीवर मात्र सरोजामामींनी नवऱ्याच्या वतीने हो म्हणून टाकलं.

संध्याकाळी वरून आवाज यायला लागले म्हणून मी विरजणाच्या निमित्ताने पुन्हा वर गेले. आज विरजण घेणारच होते.

"दोन आठवड्यांची ट्रायल," राजगोपाल म्हणत होते, "तीही एका म्हाताऱ्याच्या उपासावर. आणि उद्यां अंबत्तूरला नाहीं म्हणून सांगायचं?"

"अप्पा, ते गोळी घेत होते. एकादशीला, कोरडी."

राजगोपाल थांबले. "त्यांची गोळी कोणी काढून ठेवत नव्हतं काय?" असं म्हणून ते एकदम विद्यालक्ष्मीकडे बघायला लागले. "म्हणजे, मला एकादशीला गोळीची आठवणच होत नाही, ती देवाची कृपा म्हणून मी समजत होतो."

विद्यालक्ष्मी शाळेचे पेपर तपासत होती. तिने मान वर केली नाही. "सहा वर्षं झालीं. दशमीला गोळ्यांचा डबा तांदळाच्या डब्यामागें ठेवतें, द्वादशीला काढतें. डॉक्टरांना विचारूनच."

मी विरजण विसरले. दिव्यश्री तोंडावर हात धरून हसत होती. राजगोपाल बायकोकडे, मग मुलीकडे बघत राहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी चष्मा पुसला, लॅपटॉप उघडला आणि अंबत्तूरला नकाराचा मेल स्वतः लिहिला. दोनदा वाचून दाखवला. भाषा फार गोड होती.

ते दोन आठवडे आमची बिल्डिंग पंचांगावर जगली. तळमजल्यावरचा इस्त्रीवाला मला विचारायचा, "मामी, एकादशी कधी?" दिव्यश्री रोज अशोक नगरहून मेट्रोने अण्णा नगरला जायची, वॉर्डात पळापळ करायची आणि रोज संध्याकाळी बालाजीरावांना फोन करायची. ती इतकी खूश होती की मलाच भीती वाटायची. हे हातचं गेलं तर अंबत्तूरही गेलेलं होतं.

तीन तारीख उजाडली. सकाळी साडेसहालाच ती खिचडी खायला आली, पण चार घासांपुढे जाईना. सहाची साखर एकशे तीस आली होती. दहाला मला मेसेज आला, एकशे अठरा. मी तो वर नेऊन विद्यालक्ष्मीला दाखवला, ती सुट्टी टाकून घरीच होती.

दोनला मेसेज आला नाही. सव्वादोनलाही नाही. नंतर कळलं की तिकडे दिव्यश्री बालाजीरावांना फोन लावत होती आणि तो नुसता वाजत होता. सहा वेळा वाजला. ती डॉक्टर अलमेलूंकडे गेली तर त्यांनी कागदांतून डोकं वर न काढता विचारलं, "मग इथे काय करतेस?" ही रिक्षाने त्यांच्या घरी. घर चार गल्ल्या पलीकडे. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली की दोघं सकाळी अकरापासून प्रवचनाला गेलीत. ही पळत मठाच्या हॉलमध्ये. तिथे दोनशे माणसं मांडी घालून बसलेली, स्वामीजी बोलतायत, आणि पहिल्या रांगेत बालाजीराव मान खाली घालून बसलेले. ही चपला फेकून, माणसांतून वाट काढत पुढे गेली आणि त्यांचा खांदा हलवला.

त्यांनी डोळे उघडले. "झोप लागून होती," ते ओशाळून म्हणाले. "मोबाइल घरीं चार्जिंगला अहे."

तिने तिथेच मशीन काढलं आणि बोट टोचलं. एकशे चार. स्वामीजी दोन क्षण थांबले, दोनशे माणसं बघत राहिली, आणि ही मुलगी दोनशे माणसांच्या मधोमध हात जोडून हसत सुटली. मला मेसेज आला तेव्हा मी तो वर नेऊन द्यायचंही विसरले आणि जिन्यातूनच ओरडून सांगितलं. सगळे दरवाजे उघडले.

पण रात्र अजून जायची होती, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की चार तारखेला सकाळी.

चार तारखेला दिव्यश्रीची सकाळची ड्यूटी होती. साडेसातला खालून सिक्युरिटीवाल्याचा फोन आला. "सिस्टर, तुमचा तो पेशंट आलाय. बालाजीराव." एवढंच म्हणाला आणि ठेवला. तिने मला सांगितलं की लिफ्टची वाट बघण्याइतका धीर तिच्याकडे उरला नव्हता. ती जिन्याने खाली आली आणि प्रत्येक मजल्यावर तिला स्ट्रेचर दिसत होतं.

बालाजीराव स्वागतकक्षात उभे होते. आंघोळ करून, धोतर नेसून, कपाळावर ताजा, ठळक अंगारा. हातात चार पुडांचा पितळी डबा. शेजारी सरोजामामी.

"सूर्योदयाला पारणं झालं," ते म्हणाले. "द्वादशीला कोणाला तरी वाढल्याविणें गोड लागत नाही म्हणून आलों. इडली अहे, अगत्तीची भाजी अहे. डॉक्टरांनाही अहे." अगत्ती म्हणजे आपला हादगा.

दिव्यश्री तिथल्या खुर्चीवर बसली आणि रडली. सिक्युरिटीवाल्याला वाटलं, काहीतरी वाईट झालं, त्याने तिला पाणी आणून दिलं.

डॉक्टर अलमेलू आठला आल्या. बालाजीरावांना बघून त्या दारातच थबकल्या. "का दाखल झाले?"

"दाखल नाहीत, मॅडम. नाश्ता घेऊन आलेत."

डॉक्टरांनी त्यांना तिथेच बसवलं, नाडी बघितली, साखर बघितली. सगळं ठीक होतं. मग त्यांनी पर्समधून पेन काढलं, काउंटरवरचा एक कागद ओढला आणि उभ्या उभ्या लिहायला लागल्या. दिव्यश्रीला विचारायचा धीर होईना.

तो धीर बालाजीरावांना झाला. हेडमास्तरच ते. "डॉक्टर," त्यांनी तमिळमध्ये विचारलं, "पुढची एकादशी सतराला आहे. फोन हिचाच येईल ना?"

डॉक्टर अलमेलूंनी लिहिलेलं पूर्ण केलं, खाली सही केली आणि कागद दिव्यश्रीपुढे सरकवला.

"हिचाच येईल," त्या म्हणाल्या. "सतराला, आणि त्याच्या पुढच्यालाही."